गुंजेची वेल: बी दिसायच्या आधी ओळखायची कशी

हुरड्याचे दिवस सुरू झाले की माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. मोहोळकडे, बार्शीकडे, मंगळवेढ्याकडे कुणाच्या तरी शेतावर गेलेलं कुटुंब. तळहातावर पाच-सात लालभडक बिया, प्रत्येकीला काळा डोळा. खाली प्रश्न: "ही गुंजच ना? पोरांनी खिसे भरून आणल्यात."

गुंजच असते, आणि तिची बी फुटली की जीवघेणी विषारी. म्हणजे ओळख पटलेली असते, पण बी पोराच्या खिशात पोचल्यावर. तीच वेल भाद्रपदात त्याच बांधावर हिरवीगार चढलेली होती. तिच्या शेजारून रोज ये-जा करणाऱ्यालाही ती तेव्हा दिसली नव्हती.

चूक इथेच होते. लोक बीवरून वेल शोधतात. खरं तर पानावरून वेल ओळखायची, शेंगेवरून खात्री करायची आणि बी सगळ्यात शेवटी पाहायची. हा क्रम उलटा झाला की दोन गोष्टी घडतात. वेल काढायचा सोपा हंगाम निघून जातो. आणि बी हातात आल्यावर घाबरून नको ते केलं जातं: कुणी वेलीला काडी लावतं, कुणी ती कडब्याबरोबर कुट्टीत घालतं, तर कुणी "पाला विड्याच्या पानात घालून खातात की, काय होतंय" म्हणून सोडून देतं. म्हणून सगळ्या पायऱ्या एकदा नीट लिहून काढतो आहे. मधली पायरी गाळू नका, विशेषतः सहावी.

१. निघण्याआधीची तयारी

सोलापूर जिल्ह्यात तीन भाषा नांदतात, तेव्हा आधी नावं जुळवून घ्या. मराठीत गुंज, कानडीत गुलगंजी, तेलुगूत गुरिविंद, हिंदीत रत्ती किंवा घुंघची. वस्तीवरच्या एखाद्या आजींना "गुंज कुठे येते?" विचारलं तर त्या मान हलवतील, आणि "गुलगंजी" म्हटलंत की थेट बांधाकडे बोट दाखवतील. शास्त्रीय नाव अॅब्रस प्रिकेटोरियस. दवाखान्यात सांगायची वेळ आली तर हेच नाव उपयोगी पडतं, म्हणून कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

बरोबर घ्यायच्या वस्तू मोजक्याच: जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात बूट, हातात काठी, फोन. नुसती ओळख करायची असेल तर विळा-कुदळ घरीच ठेवा. हत्यार हातात असलं की माणूस बघायच्या आधी तोडतो.

हातमोजे विषापेक्षा काट्यांसाठी जास्त आहेत. गुंजेच्या पानाला किंवा अख्ख्या बीला हात लागल्याने काही होत नाही. पण ही वेल उगवते ती बोर-बाभळीच्या कुपाटीत, आणि तिथे फुरसं किंवा विंचू असू शकतो. काठीने आधी खालचा पाला हलवा, मग हात घाला.

सावध: लहान मुलांना "शोधायला चला" म्हणून बरोबर नेऊ नका. मुलांना शिकवायचं ते फोटोवरून.

२. कुठे पाहायचं

मोकळ्या रानात भुईवर पसरलेली वेल शोधत बसू नका. गुंजेला आधार लागतो. आपल्याकडे तो आधार म्हणजे बांधावरची बोर, बाभळ, हिवर, जुन्या विहिरीच्या कडेची झुडपं, निवडुंगाची कुंपणं, ओढ्याकाठची काटेरी जाळी. सीनेच्या किंवा भीमेच्या काठाला अशी जाळी भरपूर आहे. नांगर न लागणारी, वर्षानुवर्षं न तोडलेली जागा तिला मानवते. त्यामुळे रोज कसल्या जाणाऱ्या शेतापेक्षा दोन भावांच्या वाटणीतल्या, कुणीच साफ न करणाऱ्या बांधावर ती जास्त सापडते.

हंगाम असा. मृगाचा पाऊस पडला की जुन्या खोडाला नवे फुटवे येतात. श्रावण-भाद्रपदात वेल भरात असते, फुलंही तेव्हाच. दसरा-दिवाळीला हिरव्या शेंगा. पुढे शेंगा तपकिरी होऊन तडकतात आणि पौष-माघात लाल बिया उघड्या पडतात. ज्वारी हुरड्यात येते ती याच सुमाराला. शहरातली पोरं बांधावर मोकळी सुटतात आणि बिया डोळ्यात भरतात, दोन्हींचा मुहूर्त एकच. उन्हाळ्यात पानं झडतात, पण तडकलेल्या शेंगा बियांसकट वेलीवर लटकत राहतात.

म्हणून पाहणीचा पहिला फेरा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा.

३. पान: खरी ओळख इथेच

एक पान खुडा आणि पांढऱ्या कागदावर ठेवा. वेलीवर असताना पानं एकमेकांत गुंतलेली दिसतात आणि मोजणी चुकते.

आता पाच गोष्टी याच क्रमाने तपासा.

पहिली, काटे. देठाला, खोडाला, पानाच्या मधल्या शिरेला बोट लावून पाहा. गुंजेला काटा नसतो. काटा असेल तर ती गुंज नाही, पुढे जायची गरज नाही. (काटा आधाराच्या बाभळीचा नाही ना, तेवढं पाहा. हा गोंधळ मी स्वतः केलेला आहे.)

दुसरी, चढण्याची रीत. गुंजेला काकडी-दोडक्यासारखे ताणे नसतात. तिचं अख्खं खोडच आधाराला पिळा घालत वर जातं. कोवळं खोड हिरवं आणि बारीक, बुंध्याशी जुनं खोड लाकडासारखं.

तिसरी, पानाची घडण. एका मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी छोट्या पानांच्या जोड्या, चिंचेच्या पाल्यासारख्या. साधारण दहा ते वीस जोड्या. एकेक छोटं पान सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांब, कडा सरळ, टोक गोलसर.

चौथी, टोक. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. शिरेच्या अगदी शेवटी एकटं पान आहे का? गुंजेत नसतं. पान जोडीनेच संपतं आणि टोकाला केसासारखं बारीक कुसळ असतं. गोकर्णाची वेल कुंपणावर अशीच चढते, पण तिची छोटी पानं पाच-सातच, मोठी, आणि शेवटी एक एकटं पान असतंच. छोटी पानं मोजलीत आणि संख्या विषम आली तर पुन्हा मोजा. पुन्हा विषम आली आणि एखादं पान गळाल्याची खूणही नसेल तर ती गुंज नव्हे.

पाचवी, संध्याकाळ. दिवस मावळल्यावर पुन्हा जाता आलं तर जा. गुंजेची छोटी पानं रात्री खाली मिटून लोंबतात. एवढ्याने गुंज ठरत नाही, कारण चिंच आणि शेवरीही पानं मिटतात. पण दुपारी घेतलेल्या फोटोशी ताडून पाहायला ही खूण बरी पडते.

सावध: चव घेऊन ओळखू नका. गुंजेचा पाला गोड लागतो हे खरं आहे. आवाज बसल्यावर गुंजेचा पाला चघळायची रीत आपल्याकडे आहे आणि विड्याच्या पानातही तो पडतो. पण अनोळखी वेलीचं पान जिभेवर ठेवणं हा ओळखीचा मार्ग नव्हे. ती गुंज नसली तर काय होती, हे नंतर कळून उपयोग नाही.

४. फूल, शेंग आणि मग बी

फूल फार बघण्यासारखं नाही. फिकट गुलाबी-जांभळट, कधी पांढुरकं, घेवड्याच्या फुलाच्या घाटाचं, छोट्या दाट घोसात. एवढी नोंद पुरे.

शेंगेकडे मात्र नीट लक्ष द्या. लांबी तीन ते पाच सेंटिमीटर, चपटी, टोकाला वाकडी चोच. आत सहसा तीन ते पाच बिया. पिकल्यावर शेंग दोन फाकांत उघडते, फाका मागे वळतात, पण बिया लगेच खाली पडत नाहीत. फाकांना चिकटून राहतात, जणू कुणी मांडून ठेवल्यात. पाखरांना बोलवायला केलेली ही आरास पोरांनाही बोलावते.

हिरव्या शेंगेला कमी लेखू नका. कच्च्या बीची साल मऊ असते. ती दातांनी सहज फुटते, आणि म्हणूनच ती पिकलेल्या बीपेक्षा जास्त घातक ठरू शकते. "अजून लाल झाली नाही" हा दिलासा नाही.

आता बी. लांबी सहा-सात मिलिमीटर, अंडगोल, गुळगुळीत, चकचकीत. लाल रंग आणि एका टोकाला काळा डाग, साधारण तिसरा हिस्सा व्यापणारा. खरी तपासणी त्या काळ्या डागात आहे. बी शेंगेला जिथे जोडलेली असते ती बारीक फिकट खूण काळ्या भागातच असते. भिंग नसेल तर फोनचा कॅमेरा जवळ न्या. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या नकली मण्याला ही खूण नसते.

तपासा: पांढरी गुंजही असते. रंग पांढरा म्हणून ती सौम्य, असं मुळीच नाही. देव्हाऱ्यात, तिजोरीत, गल्ल्यात ठेवायला ती मुद्दाम विकत आणली जाते, म्हणून घरात तीच जास्त सापडते. विष तेच.

५. जिच्यावर चुकून आळ येतो त्या

हुरड्यातले ते काळ्या डोळ्याच्या बियांचे फोटो सोडले तर निम्म्याहून जास्त फोटोंत गुंज नसतेच. नेहमीची पात्रं ही.

रतनगुंज. नावामुळे घोटाळा होतो. ही वेल नाही, मोठं झाड आहे, बागेत नाहीतर रस्त्याकडेला लावलेलं. बी अख्खी लाल, काळा डोळा नाही, आकार चपटा आणि गुंजेपेक्षा मोठा, वजन सुमारे दुप्पट. बी झाडाखालून वेचलेली असेल तर नव्वद टक्के काम तिथेच झालं: वर पाहा, झाड आहे की वेल. गुंजेचं विष हिच्यात नाही, पण म्हणून पोरांना तोंडात घालू द्यायची असंही नाही.

चिंचेचं रोपटं. पाला हुबेहूब, जोड्याही तितक्याच. फरक खोडात. चिंच स्वतःच्या पायावर उभी राहते, गुंजेला टेकू लागतो. वीतभर उंचीच्या रोपाचा फोटो पाठवून "गुंज आहे का?" विचारणाऱ्यांना मी एकच सांगतो, महिनाभर थांबा, ती कुणाच्या गळ्यात पडते का बघा.

शेवरी. तीच कथा. सरळसोट वाढते, शेंगा लांब आणि बारीक.

सागरगोटा. कुंपणावरच चढतो, पण सगळ्या अंगाला आकडेदार काटे, शेंगही काटेरी, आणि बी राखाडी. मुली खेळतात तेच सागरगोटे.

खाजकुयली. एका देठावर तीनच मोठी पानं, शेंगेवर मखमली लव. ही अंगाला लागली तर खाजवून जीव नकोसा होतो. ती वेगळी भानगड आहे, पण तिला गुंज समजून मोज्याशिवाय ओढणारे भेटले आहेत.

गुळवेल. पान विड्याच्या पानासारखं, एकटं. गुंजेशी काहीच साम्य नाही, तरी "वेल" आणि "लाल फळ" एवढ्यावर लोक घाबरतात.

६. विष कुठे आहे आणि ते काय करतं

हे समजल्याशिवाय सातव्या आणि आठव्या पायरीतल्या सूचना विनाकारण कडक वाटतील.

विषाचं नाव अॅब्रिन. ते प्रथिन आहे आणि ते सगळ्यात जास्त बीच्या गरात असतं. एरंडीच्या बीतलं रिसिन याच जातकुळीतलं. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारे बारीक कारखाने असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. अॅब्रिनचा एक भाग पेशीला चिकटून दार उघडतो. दुसरा आत शिरतो आणि एकामागून एक रायबोसोम निकामी करत सुटतो. प्रथिनं बनायची थांबली की पेशी मरते. आधी आतड्याच्या अस्तराच्या पेशी, मग पुढे यकृत, मूत्रपिंड.

या सगळ्याला वेळ लागतो. साप चावल्यासारखा लगेच परिणाम दिसत नाही. काही तास, कधी दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ माणूस ठणठणीत दिसतो. मग मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब, त्यात रक्त. अंगातलं पाणी जातं, रक्तदाब उतरतो. त्या शांत तासांत घरचे म्हणतात, "खेळतंय की बरं." सगळ्यात महाग पडतो तो हाच वेळ.

आता दुसरी बाजू. पिकलेल्या बीची साल टणक असते, पाणीसुद्धा आत घेत नाही. अख्खी बी न चावता गिळली गेली तर बऱ्याचदा ती तशीच शौचावाटे बाहेर पडते. त्यामुळे गुंज खाऊनही काही न झाल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात, आणि त्या खोट्या नसतात. पण साल फुटली की चित्र पालटतं. एक बी नीट चावली गेली तरी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. बी किती खाल्ल्या याच्याइतकाच, किंबहुना त्याहून मोठा प्रश्न असतो तो बी फुटली होती का.

फुटणं म्हणजे फक्त चावणं नव्हे. माळ ओवायला सुईने भोक पाडलेली, खलात कुटलेली, पाट्यावर वाटलेली, कुट्टीच्या पात्याखाली आलेली बी, या सगळ्या फुटलेल्याच. जनावराला मारण्यासाठी गुंजेच्या लगद्याच्या सुया टोचायचा दुष्टपणा आपल्या देशात झालेला आहे. न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवतात. म्हणजे विष पोटातूनच जावं लागतं असंही नाही, रक्तात गेलं तरी तेच.

आणि आयुर्वेदाचं काय? गुंज हे उपविष मानलं आहे. औषधात वापरण्याआधी ते दुधात किंवा कांजीत शिजवून शुद्ध करून घ्यायचा विधी आहे. औषधे नियमावली १९४५ (पूर्वीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावली) च्या विषारी द्रव्यांच्या ई-१ यादीतही गुंजेच्या बीचं नाव आहे. प्रथिन असल्यामुळे हे विष उष्णतेने मोडतं, यात तथ्य आहे. पण किती उष्णता, किती वेळ, बी अख्खी की फोडलेली, हे घरच्या पातेल्यात मोजता येत नाही. केसांच्या तेलात कच्ची गुंज वाटून घालायचा सल्ला कुणी दिला तर वाटणाऱ्या हातांचा आणि डोळ्यांचा विचार करा. गुंजेची पूड डोळ्यात गेली तर डोळा भयंकर सुजतो आणि दृष्टीही जाऊ शकते.

७. पोटात गेली तर: हे आधी पाठ करा, मग वेलीला हात लावा

क्रम बदलू नका.

एक. तोंडात उरलेल्या बिया बोटाने काढा, चूळ भरायला लावा.

दोन. बिया मोजा. माळ असेल तर किती मणी कमी आहेत ते पाहा. उरलेल्या बिया, शेंग किंवा तुटलेली माळ पिशवीत घालून बरोबर घ्या. तोंडातून निघालेली बी फुटलेली आहे का, ते डॉक्टरांना सांगा. किती वाजता खाल्ली तेही.

तीन. लगेच निघा. १०८ ला फोन करा. तालुक्याला असाल तर जवळचं सरकारी रुग्णालय आधी गाठा, तिथून पुढे सोलापूरला सिव्हिलला पाठवायचं का ते डॉक्टर ठरवतील. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११६-११७ आहे. वाटेत फोन करा, फोनसाठी थांबू नका.

चार. त्रास होत नसला तरी न्यायचंच. डॉक्टर देखरेखीखाली ठेवायचं म्हणाले तर "आता बरं आहे" म्हणून हट्टाने घरी आणू नका. या विषावर उतारा नाही. सुरुवातीच्या वेळात पोटातलं विष शोषून घ्यायला औषधी कोळसा देता येतो, आणि पुढे सलाईन, रक्तदाब, यकृत-मूत्रपिंडाकडे लक्ष, एवढंच हातात असतं. लवकर पोचण्याला किंमत आहे ती यामुळे.

करू नका: मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढणे. तूप, दूध, ताक, लिंबू पाजून "विष मारणे". चुलीतला कोळसा वाटून देणे. दवाखान्यातला औषधी कोळसा वेगळा असतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मार बसेल म्हणून पोराने लपवावं, इतकं त्याला दरडावणे. किती खाल्ल्या हे खरं सांगणारा तोच एक साक्षीदार असतो.

डोळ्यात पूड गेली तर वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवा, चोळू नका, आणि नेत्रतज्ज्ञ गाठा.

जनावराने पाला ओरबाडला तर लगेच घाबरायचं कारण नाही. फुटलेल्या बिया चाऱ्यातून गेल्या असतील तर मात्र पशुवैद्यकाला त्या दिवशीच बोलवा, रवंथ बंद पडायची वाट पाहू नका.

८. काढायची की नाही, आणि कशी

माझं मत सांगतो. प्रत्येक गुंज उपटलीच पाहिजे असं नाही. दूरच्या माळावर, ओढ्याकाठी ती असू द्या. ती इथलीच आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत तर काहीही तोडायचं-उपटायचं नाही, तो गुन्हा आहे. पण घराच्या परड्यात, अंगणवाडी-शाळेच्या कुंपणावर, गोठ्याजवळ, आणि जिथे हुरड्याची आगटी पेटते त्या बांधावर ती नको.

काढायला उत्तम वेळ फुलोऱ्याची, म्हणजे बी धरण्याआधीची. जमीन ओली असते, मूळ निघतं. बुंध्यापर्यंत माग काढा, टिकावाने भोवती उकरा आणि मूळ जितकं खोल निघेल तितकं काढा. वरून विळ्याने छाटलीत तर पुढच्या पावसात दुप्पट फुटेल. मूळ गोडसर असतं, ज्येष्ठमध म्हणून घरी नेऊ नका. ज्येष्ठमध दुकानातून आणा.

शेंगा धरल्यावर लक्षात आलं तर क्रम बदलतो:

आधी खाली जुनं धोतर किंवा ताडपत्री पसरा. सकाळी दंव असतानाच काम करा, तेव्हा शेंगा मऊ असतात आणि बिया कमी उधळतात. डोळ्यांना चष्मा. शेंगा कात्रीने कापून थेट झाकणाच्या बरणीत टाका. सगळ्या शेंगा उतरल्यावरच वेल ओढा. मग ताडपत्री गोळा करा आणि जमिनीवर सांडलेल्या बिया वाकून वेचा. इथे कंटाळा येतो, आणि जिथे कंटाळा येतो तिथेच दहा बिया राहतात.

बियांचं काय करायचं? उकिरड्यात टाकायच्या नाहीत. टणक सालीमुळे त्या कुजत नाहीत, खताबरोबर शेतभर पसरतात, कोंबड्या उकरून वर काढतात. चुलीत-आगटीत टाकायच्या नाहीत; ताडकन फुटतात आणि तुकडे उडतात. कुट्टी मशीनजवळ तर नेऊच नका, एकदा पात्यात बी चिरडली की पुढचा चारा सगळा संशयाचा. नांगर पोचणार नाही अशा जागी किमान दोन फूट खोल पुरा. बिनशेंगांची वेल उन्हात वाळवून बांधावरच कुजू दिली तरी चालते.

तपासा: काम संपल्यावर खिसे, विजारीची दुमड, डोक्याचा टॉवेल झटका. हात साबणाने धुवा, मगच तंबाखू-चहा.

९. घरातली गुंज

शेताकडे लक्ष ठेवलं आणि घरातली राहिली, असं होतं. आजीच्या सोनं तोलायच्या ताजव्याच्या पेटीत पाहा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा हा हिशेब ज्या घरात चालायचा तिथे पेटीच्या कोपऱ्यात दोन-चार गुंजा हमखास असतात. त्या जुन्या असल्या तरी निरुपद्रवी धरू नका. मग देव्हारा, गल्ला, दृष्टीचा दोरा, जत्रेतून आलेल्या माळा, मुलांचे खुळखुळे. ओवलेली गुंज म्हणजे भोक पाडलेली गुंज, टणक सालीचं संरक्षण गेलेली. रांगत्या मुलाच्या घरात ती नको. ठेवायचीच असेल तर झाकणाच्या काचेच्या बाटलीत, वरच्या फळीवर, चिठ्ठी लावून.

स्वतः गुंजेची माळ बनवायला घेऊ नका. गरम सुईने, ड्रिलने भोक पाडताना पूड उडते, ती नाकात जाते, आणि तीच सुई बोटात शिरते.

१०. पुढच्या मृगात पुन्हा एक फेरी

वेल काढली म्हणून बांध मोकळा झाला असं धरू नका. मातीत राहिलेल्या बिया सालीमुळे सगळ्या एकदम उगवत नाहीत. काही या पावसात, काही पुढच्या, काही त्याच्याही पुढच्या. मृगानंतर तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी जा आणि वीतभर रोपं शोधा. चिंचेच्या रोपाशी गोंधळ होऊ नये म्हणून टोक पाहा, बारीक शेंडा बाजूच्या काडीला वेढा घालू लागला असेल तर गुंज. ओल्या मातीत ती मुळासकट चिमटीने निघते. जुन्या बुंध्याच्या जागी फुटवा आला असेल तर मूळ अर्धं राहिलं आहे, टिकाव पुन्हा आणा. ज्या बांधावर हुरडा होतो तिथे दुसरी फेरी आगटी पेटवायच्या आदल्या दिवशी मारा, आणि ती पोरांच्या उंचीवरून मारा. मोठ्यांच्या नजरेला कुपाटीच्या तळाशी लोंबणारी शेंग दिसत नाही.